सेमीकोलन नेमका कुठं टाकायचा ओ?

पूर्वभागकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीतल्या सेमीकोलनचा, म्हणजे आपल्या अर्धविरामाचा (;) आहे, पण धागा सोलापूरच्या विभागातच काढतोय. हसायचं तर आपल्या माणसांनी हसावं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, पार्टीचे मेल, सगळं माझ्या गळ्यात. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कानडी. इंग्रजी पोटापुरती.

गेल्या महिन्यात जर्मनीच्या एका पार्टीला सॅम्पल पाठवायचे होते. मी मेलात लिहिलं (मोबाईलवर सारखा कीबोर्ड कोण बदलणार, म्हणून इंग्रजीही देवनागरीतच देतो, चालवून घ्या):

"वुई आर सेंडिंग व्हाइट बाथ टॉवेल, हॅन्ड टॉवेल, आयव्हरी, फेस टॉवेल, ग्रे, बाथ मॅट."

माझ्या डोक्यात काय, तर पांढऱ्यात बाथ आणि हॅन्ड, आयव्हरीत फेस, ग्रेमध्ये मॅट. त्यानं वाचलं की बाथ पांढरा, हॅन्ड आयव्हरी, फेस ग्रे, आणि मॅटचा रंग लिहायचा राहिला. त्या हिशोबानं त्यानं पुढं गिऱ्हाईकाला सांगून ठेवलं. पार्सल उघडलं तर हॅन्ड टॉवेल पांढरा. परत सॅम्पल काढले, परत कुरिअर. मालकांनी पगारातून कापलं नाही, पण दोन दिवस ऐकवलं.

मालकांचा मुलगा शिकलेला आहे. तो म्हणला, "इथं कॉमा नाही, सेमीकोलन पाहिजे होता." मी मनावर घेतलं. पुढचा मेल असा गेला:

"डिअर सर; थँक यू फॉर युवर मेल; ॲज द डाइंग इज लेट; वुई विल शिप ऑन फ्रायडे; हाउएव्हर; द मॅट्स आर रेडी."

(डाइंग म्हणजे कापड रंगवणं.) आता तोच हसायलाय. पाचात एकच बरोबर म्हणतो, आणि कुठला ते सांगत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा की ओ.

कडक_भाकरी | ९:५२

पाचात एक म्हणजे वीस टक्के. माझ्या दहावीच्या बीजगणितापेक्षा बरं आहे की बे.

मला सेमीकोलन फक्त डोळा मारायला माहितीय. ;)

कोडवाली_सातरस्ता | १०:०५

दादा, तुमचा मेल सी भाषेत कंपाइल होईल, इंग्रजीत नाही. 😄

गंमत नाही, आमच्याकडं हा घोळ रोजचा. सी, जावा या कोडिंगच्या भाषांत विधान संपलं की सेमीकोलन, म्हणजे तिथं तो पूर्णविरामाची नोकरी करतो. दिवसभर तेच टंकून हात असा बसतो की मेलातही ओळ संपली की सेमीकोलन पडतो. नेमका नियम मलाही सांगता येत नाही. वाट बघते.

खडू_फळा | १०:३८

पूर्वभागकर, मी मराठी माध्यमाच्या मुलांना ३१ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मालकांच्या मुलाला सांगा, पाचपैकी एक नव्हे, दीड बरोबर आहेत.

'डिअर सर'नंतर स्वल्पविराम. अमेरिकन पद्धतीच्या धंद्याच्या पत्रात कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं. सेमीकोलन कुठल्याच पद्धतीत नाही. ते वाक्य नव्हे, नुसती हाक आहे.

आता 'ॲज द डाइंग इज लेट'. एवढं बोलून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा म्हणेल, "बरं, मग?" ज्या तुकड्यावर 'मग?' असा प्रश्न येतो तो अपुरा. 'ॲज', 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन', 'ऑल्दो' यांनी सुरू होणारे तुकडे असे असतात. त्यांच्यापुढं स्वल्पविराम. सेमीकोलनची मुख्य अट ही की त्याच्या डाव्या बाजूला पूर्ण वाक्य हवं आणि उजव्याही बाजूला पूर्ण वाक्य हवं. शंका आली तर त्या जागी पूर्णविराम ठेवून बघा. दोन्ही तुकडे उभे राहिले तर सेमीकोलन चालतो. एक जरी लंगडला, तर नाही.

'फ्रायडे'नंतरचा तुमचा सेमीकोलन शंभर टक्के बरोबर. त्याच्या पुढचा, 'हाउएव्हर'नंतरचा, चूक; तिथं स्वल्पविराम:

"वुई विल शिप ऑन फ्रायडे; हाउएव्हर, द मॅट्स आर रेडी."

इथं माझी निम्मी हयात गेली आहे, म्हणून जरा लांबण लावते. मुलं हमखास 'हाउएव्हर'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यायची. कारण त्यांनी 'हाउएव्हर म्हणजे पण' असं पाठ केलेलं, आणि मराठीत 'पण'च्या आधी स्वल्पविराम दिला की काम भागतं. इंग्रजीतल्या 'बट'चंही तसंच भागतं. 'हाउएव्हर'चं भागत नाही. का? 'बट'ला जागेवरून हलवून बघा. "द मॅट्स, बट, आर रेडी" असं कुणी बोलेल का? 'हाउएव्हर' मात्र खुशाल फिरतो: "द मॅट्स, हाउएव्हर, आर रेडी." किंवा शेवटी: "द मॅट्स आर रेडी, हाउएव्हर." जो शब्द वाक्यात असा हिंडतो तो दोन वाक्यं बांधून ठेवणारा दोर नसतो. दोर नाही म्हणून दोन वाक्यांच्या मधे सेमीकोलन लागतो. 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'अदरवाइज' हेही असेच फिरस्ते.

आणि हो, 'हाउएव्हर' एकाच वाक्याच्या पोटात आला, म्हणजे 'द मॅट्स, हाउएव्हर, आर रेडी'सारखा, तर दोन्हीकडं स्वल्पविरामच. शब्द बघून चिन्ह टाकू नका, डावी-उजवी बाजू बघून टाका.

राहिला अर्धा. 'थँक यू फॉर युवर मेल'नंतरचा. व्याकरणात खपतो. पण आभाराचा आणि डाइंगच्या उशिराचा संबंध काय? तिथं पूर्णविराम द्यावा आणि पुढं जावं.

पहिल्या मेलाचं उद्या सांगते. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली.

पूर्वभागकर | ११:०४

बाई, तीन वेळा वाचलं. आता मला जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर कान धरा.

टेरी टॉवेल लूमवर एकेक सुटा निघत नाही. लांबच्या लांब पट्टा निघतो. दोन टॉवेलच्या मधे थोडी जागा बिनलूपची सोडलेली असते. तिथं कापायचं, मग कडा शिवायच्या. म्हणजे पूर्णविराम म्हणजे कापून सुटे केलेले टॉवेल. सेमीकोलन म्हणजे ती मधली पट्टी: दोन्ही टॉवेल पूर्ण विणून झालेत, फक्त अजून कापले नाहीत.

आणि 'ॲज द डाइंग इज लेट' हा निम्मा विणलेला टॉवेल. त्याच्यापुढं पट्टी सोडली तर माल रिजेक्ट.

बरोबर का?

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ७:१५

३१ वर्षांत मला हे सुचलं नाही. पट्ट्यावर लागोपाठचे टॉवेल एकाच डिझाइनचे असतात ना? तेही घ्या उदाहरणात. सेमीकोलनच्या दोन बाजू पूर्ण असून भागत नाही, एकमेकींच्या नात्यातल्या हव्यात. "द पॉवर वॉज ऑफ; द लूम्स स्टॉप्ड." वीज गेली, माग थांबले. मधे 'सो' घातलेला नाही, तरी वाचणाऱ्याला तो ऐकू येतो. ते न सांगता सांगणं ही या चिन्हाची खरी मजा. "द पॉवर वॉज ऑफ; माय अंकल लिव्ह्ज इन बार्शी" हे व्याकरणात बसतं आणि तरी वेड्यासारखं वाटतं.

इथंच स्वल्पविराम दिला, "द पॉवर वॉज ऑफ, द लूम्स स्टॉप्ड", तर परीक्षक लाल शाई उचलतो. मराठीत आपण हेच वाक्य 'वीज गेली, माग थांबले' असं स्वल्पविरामानं जोडतो आणि ते सुंदरच वाटतं. म्हणून आपल्याकडचे लोक इंग्रजीत ही चूक करतात. अडाणीपणानं नव्हे, कानाच्या सवयीनं.

आता तुमचा टॉवेलांचा मेल. हा सेमीकोलनचा दुसरा उपयोग आहे, आणि इथं वरची अट लागूच नाही. पूर्ण वाक्यं नकोत. यादीतल्या वस्तूंच्या पोटातच जर स्वल्पविराम असतील, तर वस्तू आणि वस्तू यांच्यामधे सेमीकोलन:

"वुई आर सेंडिंग बाथ टॉवेल अँड हॅन्ड टॉवेल, व्हाइट; फेस टॉवेल, आयव्हरी; अँड बाथ मॅट, ग्रे."

आधी वस्तू, मग रंग, हा क्रम सगळीकडं एकच ठेवला हेही बघा. तुमचा मेल चिन्हानं जेवढा बिघडला तेवढाच क्रमानं बिघडला होता. पहिला रंग वस्तूच्या आधी आणि स्वल्पविरामाशिवाय, नंतरचे स्वल्पविरामांत लोंबकळलेले. जर्मन माणसाचा काही दोष नाही.

बार्शीकर_काका | सकाळी ८:२०

काका बार्शीत राहतो ते खरं आहे, पण त्याचा विजेशी संबंध नाही म्हणू नका. इथंही आज गेलीय.

मुद्द्याचं बोलतो. ४० वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली, सेमीकोलन एकदाही वापरला नाही. पूर्णविराम द्यायचा, पुढचं वाक्य सुरू. कुणाचं अडलं नाही. ही शोभेची वस्तू आहे.

वकिलीकट्टा | सकाळी ९:०२

काका, तुम्ही ज्या कर्जाच्या करारनाम्यांवर सह्या घेतल्या त्यांत सेमीकोलन पोत्यानं असतील. वाचले नसतील एवढंच. 😊

लांब कशाला, घरातल्या पोरांचं बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा. सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते: "सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय;" मग "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य;" मग "दर्जाची व संधीची समानता;" बघा नीट. बाईंनी सांगितलेला दुसरा उपयोग तो हाच. विचार, अभिव्यक्ती, विश्वास यांच्यामधे स्वल्पविराम आधीच खर्च झालेत, म्हणून न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांच्यामधे अर्धविराम. इंग्रजी उद्देशिकेतही तिथंच. शाळेत रोज म्हणायचो, कधी दिसला नाही. अनुच्छेद १९ मधले हक्क आणि ५१क मधली कर्तव्यं बघा, तिथंही एकेक खंड सेमीकोलनवर थांबतो.

शोभेची वस्तू म्हणाल तर एक किस्सा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८७५ चा दारूविक्रीचा कायदा होता. त्यातलं कलम साधारण असं: रात्री ११ ते सकाळी ६ विक्री बंद; तसंच रविवारी बंद, मात्र खानावळ-मुक्कामाचा परवाना असेल तर मुक्कामी पाहुण्यांना देता येईल. 'मात्र'ची सवलत फक्त रविवारला की रोजच्या रात्रीलाही? २५ वर्षं कुणी विचारलं नाही, हॉटेलवाले ११ नंतरही पाहुण्यांना देत राहिले. १९०० मध्ये कोर्टानं त्या सेमीकोलनवर बोट ठेवलं: तो मधे आहे म्हणजे सवलत त्याच्या पलीकडच्या भागापुरती, अलीकडं येणार नाही. बॉस्टनची हॉटेलं रात्री ११ ला कोरडी पडली. त्या कायद्याला लोक 'सेमीकोलन लॉ'च म्हणायला लागले. १९०६ मध्ये बदल होईपर्यंत हे चाललं.

कडक_भाकरी | ९:१०

एका टिंबानं शहराची दारू बंद. आपल्याकडं अख्खं पोलीस खातं लावून होत नाही बे.

मोडीवेडा | दुपारी १:३०

मधेच घुसतोय. विरामचिन्हं मराठीलाही जन्मजात नाहीत. मोडीतलं जुनं पत्र बघा: शब्द तोडलेले नाहीत, टिंब नाही, स्वल्पविराम नाही, ओळ सुरू झाली की शेवटपर्यंत लेखणी पळतेय. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. छापील मराठीला इंग्रजीच्या धर्तीवर चिन्हं बसवून दिली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडीनं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात जो होता तोच कँडी. मोल्सवर्थ लष्करी नोकरीत सोलापूरला होता, म्हणजे या धाग्याचा आणि आपल्या छावणीचा लांबचा का होईना संबंध लागतो.

सेमीकोलन स्वतः इटलीचा. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानं पंधराव्या शतकाच्या शेवटी तो छपाईत आणला. ग्रीक भाषेत मात्र हेच चिन्ह प्रश्नचिन्ह म्हणून वापरतात. पूर्वभागकरांची पार्टी ग्रीक असती तर त्या दुसऱ्या मेलात पाच प्रश्न वाचून घाबरली असती.

कोडवाली_सातरस्ता | दुपारी २:१०

जर्मन पार्टी म्हणालात म्हणून एक कामाची गोष्ट. जर्मनीत दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. आपलं साडेबारा १२.५, त्यांचं १२,५. त्यामुळं त्यांच्या एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याचे भाग सेमीकोलननं तोडतात, आणि त्यांनी पाठवलेली सीएसव्ही फाइल बहुतेक वेळा सेमीकोलनवाली असते. ती आपल्याकडं उघडली की सगळं एकाच रकान्यात चिकटून येतं. आलंय का असं?

उलट्या दिशेनं जास्त धोका. तुम्ही पॅकिंग लिस्टमध्ये वजन "१,५०० किलो" लिहिलंत, तर जर्मन डोळ्याला ते दीड किलोही वाटू शकतं. सलग १५०० लिहा.

आउटलुकमध्ये दोन पत्त्यांच्या मधेही सेमीकोलन लागतो. बाईंचा यादीवाला नियमच समजा.

पूर्वभागकर | दुपारी २:२५

आलंय ओ! दोनदा आलंय. मी फाइल खराब आहे म्हणून परत मागवली होती. त्यानं तीच परत पाठवली. मी परत तेच लिहिलं. आता कळायलंय तो का चिडला होता.

बार्शीकर_काका | दुपारी ४:००

वकीलसाहेब, मान्य. करारनामे मी वाचले नाहीत. पण बाईंना विचारतो, साध्या मेलात पहिल्या प्रकारचा सेमीकोलन नाहीच वापरला तर काय बिघडतं? 'हाउएव्हर' वाक्याच्या सुरुवातीला घ्यायचा. "वुई विल शिप ऑन फ्रायडे. हाउएव्हर, द मॅट्स आर रेडी." आहे का चूक?

खडू_फळा | संध्याकाळी ६:४५

काका, काहीच बिघडत नाही. तुमचं वाक्य निर्दोष आहे, आणि खरं सांगायचं तर धंद्याच्या मेलात मीही तेच सुचवीन. पहिल्या प्रकारचा सेमीकोलन कधीच सक्तीचा नसतो. तिथं पूर्णविराम नेहमी चालतो. यादीतला मात्र टाळता येत नाही. म्हणजे येतो, तक्ता केला तर. टॉवेल, रंग, नग असे तीन रकाने केले की चिन्हाचा प्रश्नच मिटला. पूर्वभागकर, सॅम्पलच्या मेलाला तक्ताच जोडा. माझ्या विषयाचा अभिमान आहे, पण कुरिअरचे पैसे जास्त खरे.

माझा आक्षेप फक्त 'शोभेची वस्तू' या शब्दाला. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील विडी कारखान्यात हिशोब लिहायचे. तिनं निबंधात लिहिलं होतं, "माय फादर काउंट्स बिडीज ऑल डे; ॲट नाइट ही काउंट्स अस." तिथं पूर्णविराम दिला असता तर दोन माहित्या झाल्या असत्या. मी त्या सेमीकोलनला एक गुण जास्त दिला होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, कशाबद्दल. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. सेमीकोलननंतर इंग्रजीत लहान अक्षर, विशेषनाम नसेल तर. देवनागरीत हे दिसत नाही म्हणून सांगते. आणि चिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर एक सोडायची. मोबाईलवाले नेमकं उलटं करतात. 'पुढीलप्रमाणे' म्हणून यादी सुरू करताना सेमीकोलन नाही, कोलन. ही तिसरी झाली, असू द्या.

कडक_भाकरी | ७:०२

बाई, रात्री मोजणारा बाप वाचून मी गप्प झालो. उगाच डोळा मारला वरती.

पूर्वभागकर | बुधवार, सकाळी ११:२०

आज मेल टाकला. तक्ता जोडलाय, आणि वर एकच ओळ ठेवली. पाठवायच्या आधी बाईंनी सांगितल्याप्रमाणं सेमीकोलनच्या जागी टिंब ठेवून बघितलं:

"डिअर सर, थँक यू फॉर युवर पेशन्स. द फ्रेश सॅम्पल्स आर रेडी; वुई विल शिप देम ऑन फ्रायडे."

मालकांच्या मुलाला दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि काही न बोलता फोन परत दिला.

खडू_फळा | ११:४१

दोन टॉवेल, एक पट्टी. पास.

पूर्वभागकर | दुपारी ३:५०

पार्टीचं उत्तर आलं. बाथ, हॅन्ड, फेस ओके. मॅट मात्र म्हणे ग्रे नको, चारकोल पाहिजे. इथं चिन्हाची काही चूक नाही बाई, त्याचं मन बदललंय. चाललो डाइंगवाल्याकडं, तो आता शिव्या देईल.